वचन स्वतःला लागू करताना या चुका टाळा

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की ताटातून बायबलमधल्या वचनांची कार्डं फिरतात. हाताला येईल ते आपलं वर्षाचं वचन. पुण्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत ते कार्ड पुढं वर्षभर फ्रिजवर असतं. प्रथा प्रेमाची आहे, मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. पण तिच्यातून एक सवय लागते: वचन अध्यायातून सुटं काढायचं आणि थेट आपल्या नावावर चढवायचं.

पुढची-मागची ओवी न वाचणं

यिर्मया 29:11 घ्या, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला 29वा अध्याय, 11वी ओवी (वचन). देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. मुलगी हिंजवडीला मुलाखतीसाठी निघाली की हेच वचन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. मुळात हे पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. दहावीच ओवी सांगते की 70 वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत घर बघणार नव्हते. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. त्यानं बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घातलेलं जू मोडलं आणि दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगितलं. लोकांना तेच ऐकायचं होतं, आणि ते खोटं होतं. यिर्मयाचं वचन ‘नोकरी लवकर लागेल’ या अर्थानं वापरलं की आपण त्याच्या तोंडी हनन्याचं बोलणं घालतो.

मग हे वचन आपलं नाहीच का? आहे, पण पाचव्या ते सातव्या ओवीसकट. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. नगर, जालन्याहून पोटासाठी पुण्यात आलेल्या माणसाला यात भरपूर काम आहे. सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगला जाणंही त्यात येतं.

अर्धा पौल वाचून भांडणं

गणपतीत शेजारच्या काकू मोदकांचं ताट घेऊन दारात उभ्या राहतात. घ्यायचं की नाही? एका घरात 1 करिंथचा, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, आठवा अध्याय काढतात: मूर्ती काही नाही, खाल्ल्यानं बिघडत नाही. दुसऱ्या घरात 10:21: प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे भागीदार होता येत नाही. दोघंही पौलच सांगतात, पण अर्धा.

आठ ते दहा हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा. पौल वेगवेगळ्या प्रसंगांविषयी बोलतोय. देवळातल्या पूजेत, पंगतीत सहभागी होणं त्याला मान्य नाही. बाजारात मिळणारं मांस चौकशी न करता घ्या, म्हणतो. विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. मात्र ‘हा नैवेद्य आहे’ असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे दिवाळीचा फराळ आणि ‘प्रसाद’ म्हणून दिलेला मोदक एकाच मापानं मोजता येत नाहीत. आणि मधल्या नवव्या अध्यायात तो आपले हक्क इतरांसाठी सोडल्याचं सांगतो, तो तर कोणी उघडतच नाही.

या शहरात खाण्यापिण्याला फार वजन आहे. 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा खटला, झालं होतं. म्हणून प्रसाद नको असेल तरी ताट परत करून दार लावून घेऊ नका. ‘काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुम्ही आत या, चहा घ्या,’ एवढं बोलता येतं. पौलाच्या तीन अध्यायांना हे जास्त धरून आहे.

दोन प्रेषितांची झुंज लावणं

तारण विश्वासानं की कर्मानं? पौलाचं रोम 3:28 (विश्वासानं) विरुद्ध याकोबाच्या पत्रातलं 2:24 (कर्मांनीही), आणि तरुण संघाची सभा दहा वाजेपर्यंत. गंमत नाही, यावरून मंडळ्या दुखावल्या आहेत. दोघंही उत्पत्ती 15:6 मधल्या अब्राहामाकडेच बोट दाखवतात, पण त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. सुंता आणि नियमशास्त्र पाळल्याशिवाय परराष्ट्रीयांना (यहुदी नसलेल्यांना) देव स्वीकारेल का, हा पौलाचा. उपाशी भावाला ‘पोटभर जेवा’ म्हणून रिकाम्या हातानं पाठवणाऱ्याचा विश्वास कसला, हा याकोबाचा. इफिस 2:8-9 (तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे) पाठ असेल तर दहावी ओवीही पाठ करा. सत्कृत्यांचं तिथं पौलच बोलतो.

संदर्भ सुटल्याचं आणखी एक उदाहरण: ‘दोघे किंवा तिघे माझ्या नावानं जमले तिथं मी आहे’ हे मत्तय 18:20 सभेला गर्दी कमी असली की आठवतं. तो परिच्छेद अपराध केलेल्या भावाला परत मिळवण्याबद्दल आहे.

गोळ्या बंद करणं

ही चूक जिवावर बेतते. घरात कोणी आजारी असलं की याकोब 5:14 प्रमाणे मंडळीचा वडीलवर्ग येतो, तेल लावतो, प्रार्थना करतो. इथवर सगळं योग्य. मग कोणीतरी म्हणतं, आता इन्सुलिन घेतलंत तर तो अविश्वास. नव्या करारात याला आधार नाही. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिम या सोबत्याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढं जातो, लूकला प्रिय वैद्य म्हणतो, आणि स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघत नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? बरं वाटू लागलं तर आधी रक्त तपासा आणि डोस डॉक्टरांना कमी करू द्या. प्रार्थनेला आलेल्या वडिलांनीच निघताना विचारावं, ‘मावशी, रात्रीची गोळी झाली ना?’