साइट नसलेल्या धनुष्याने नेम कसा धरावा

कोल्हापुरात नेमबाजी म्हटलं की आधी रायफल आणि पिस्तूलच आठवतं, आणि ते साहजिक आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. त्यामुळे माझ्या हातातलं बांबूचं धनुष्य बघून रानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो, "ह्येला नेम कुठनं बघायचा?"

प्रश्न अगदी नेमका आहे. रायफलला पुढे माशी, म्हणजे नेम जुळवायची बारीक खूण, असते आणि मागे बारीक भोक. नेमाच्या या सोयीलाच साइट म्हणतात. ही दोन ठिकाणं पक्की असली की रेषा पक्की होते. साध्या धनुष्याला पुढची माशी मिळते, ती म्हणजे बाणाचं टोक. मागची माशी मात्र धनुष्यावर नसतेच, ती तुमच्या चेहऱ्यावर असते. दोरी ओढल्यावर बाणाची शेपटी गालाजवळ जिथे येऊन थांबते, ती मागची माशी. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

आधी जागा आणि बाण

आमच्याकडे ऊस गेला की रान मोकळं होतं आणि पाचट भरपूर पडलेलं असतं. तागाच्या पोत्यात ते पायाने चेपून चेपून भरलं की चांगलं लक्ष्य तयार होतं. सैल भरलं तर बाण आरपार जातो. पोत्याचा मध्य जमिनीपासून 130 सेंटीमीटरवर येईल असं ते दोन खांबांना बांधा. मागे उंच बांध किंवा मातीचा ढीग हवाच. मागून पायवाट जात असेल, गोठा असेल, कोणी वैरण कापत असेल, तर ती जागा सोडून द्या.

लाकडाचा किंवा बांबूचा बाण प्रत्येक वेळी सोडण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून बघा. "कट्" असा बारीक आवाज आला तर तो बाण बाजूला टाका. तडकलेला बाण सुटतानाच मोडतो आणि त्याची कपची धनुष्य धरलेल्या हातात घुसते. आणि बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू नका, धनुष्य तुटतं.

धनुष्याची ताकद, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, पाउंडात मोजतात. नवशिक्याने 20 ते 25 पाउंडाच्या वर जाऊ नये. जड धनुष्य ओढताना हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने नेम शिकता येत नाही.

कोणता डोळा चालतो ते ओळखा

दोन्ही हात समोर लांब करून पंज्यांमध्ये छोटा त्रिकोण करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या त्रिकोणातून लांबची एखादी वस्तू बघा, विजेच्या खांबावरची चिमणी चालेल. आता एक डोळा मिटा, मग दुसरा. ज्या डोळ्याने वस्तू जागच्या जागी राहते तो तुमचा बळकट डोळा. उजवा बळकट असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची. उजवं-डावं जुळत नसेल, म्हणजे लिहिता उजव्याने पण डोळा डावा बळकट, तर सुरुवातीलाच डाव्या हाताने ओढायला शिका. महिनाभर अवघड जातं, पण पुढची अनेक वर्षं सोपी होतात.

उभं राहण्याबद्दल फार लिहीत नाही. मर्दानी खेळात ज्याला पवित्रा म्हणतात, तोच इथे लागतो: पाय खांद्याइतके लांब, वजन दोन्ही पायांवर सारखं, कंबर स्थिर. तालमीत लाठी फिरवलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

अँकर: इथेच सगळा वेळ द्या

दोरी ओढून हात चेहऱ्याच्या ज्या ठरलेल्या जागी टेकतो, त्याला तिरंदाज अँकर म्हणतात. मी तीन बोटं बाणाच्या खाली धरतो आणि तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला टेकवतो. कुणी मधलं बोट कोपऱ्याला लावतं, कुणी हनुवटीखाली हात नेतं. कोणताही अँकर चालेल, पण रोज तोच, प्रत्येक बाणाला तोच.

हे एवढं निक्षून सांगण्याचं कारण साध्या त्रैराशिकात आहे. माझा बाण 76 सेंटीमीटर लांब आहे. टोक जागच्या जागी ठेवून शेपटी फक्त अर्धा सेंटीमीटर खाली गेली, तर 18 मीटरवर बाण सुमारे 12 सेंटीमीटर वर जातो. 40 सेंटीमीटरच्या कागदी फेसवर, म्हणजे गुणांची वर्तुळं छापलेल्या लक्ष्याच्या कागदावर, एका वर्तुळाचा पट्टा 2 सेंटीमीटरचा असतो. म्हणजे दहा गुणांचा बाण पाच गुणांत जातो. अर्धा सेंटीमीटर म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी.

माझी पुतणी गेल्या हिवाळ्यात शिकत होती. एके रविवारी तिचे बाण अचानक वर जायला लागले, तेही पहिला बाण बरोबर आणि नंतरचे वर. मी धनुष्य तपासलं, बाण तपासले, तिचा डावा खांदा बघितला. काही सापडेना. शेवटी तिच्या समोरच्या बाजूने, सुरक्षित अंतरावर तिरका उभा राहिलो आणि तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ती मनात आकडे मोजत होती, आणि मोजताना ओठ हलत होते. ओठ हलले की जबडा उघडतो, जबडा उघडला की ओठांचा कोपरा खाली सरकतो, आणि त्याच्याबरोबर तिची मागची माशीही खाली. "दात मिट, एवढंच कर," म्हटलं. पुढचे बाण पुन्हा मधे आले. तेव्हापासून मी प्रत्येकाला अँकरबरोबर हीच गोष्ट शिकवतो: दाढेला दाढ टेकलेली हवी.

अँकर बसवण्यासाठी पहिले दोन आठवडे नेम धरूच नका. पोत्यावर कागद लावू नका, 4-5 मीटरवर उभे राहा. ओढा, बोट टेकलं का बघा, दात मिटले का बघा, सोडा. रोज 40-50 बाण पुरे. नंतर काही बाण डोळे मिटून सोडा, पण शेजारी कोणीतरी जाणतं माणूस उभं असतानाच. डोळे मिटल्यावर गालाला बोटाची जागा जास्त चांगली कळते. लोक हा भाग उरकून टाकतात आणि मग वर्षभर नेम चुकतो म्हणून धनुष्य बदलत राहतात.

आता नेम

साइट नसलेल्या धनुष्याने नेम धरायच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. तिन्ही खऱ्या आहेत, पण एका वेळी एकच शिकावी.

पहिली अंदाजाची. लहानपणी दगड मारून कैरी पाडली असेल तर ही तुम्हाला येते. तेव्हा हात किती वर न्यायचा हे कोणी मोजलं नव्हतं, नजर देठावर असायची आणि हात आपोआप जायचा. इथेही तसंच: बाणाच्या टोकाकडे लक्ष द्यायचं नाही, नजर लक्ष्यावरच्या अगदी लहान ठिपक्यावर. पूर्ण पोत्याकडे बघितलंत तर बाण पूर्ण पोत्यावर पसरतील, म्हणून रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका काढा. ही पद्धत 15-20 मीटरपर्यंत सुंदर चालते आणि अंतर माहीत नसताना तर फारच उपयोगी. पण त्यासाठी हजारो बाण सोडावे लागतात, आणि चूक झाली की कुठे झाली ते कळत नाही. म्हणून नवशिक्याला मी ही आधी देत नाही.

दुसरी फरकाची, ज्याला गॅप म्हणतात. सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. बाण डोळ्याच्या खाली असतो. माझ्या अँकरला साधारण साडेसात सेंटीमीटर खाली. शिवाय सुटलेला बाण पडत पडत जातो. माझ्या 35 पाउंडाच्या धनुष्यातून तो सेकंदाला सुमारे 45 मीटर जातो. 18 मीटरला त्याला 0.4 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पाऊण मीटरहून जास्त खाली येतो. तरीही जवळच्या अंतरावर टोक लक्ष्याच्या खालीच धरावं लागतं, कारण बाण खालून वर चढत निघालेला असतो. टोक किती खाली, तो फरक.

माझ्या धनुष्याचे फरक सांगतो. तुमचे वेगळे येतील, पण आकार असाच येईल. 10 मीटरवर टोक मध्याच्या दीड हात खाली धरावं लागतं. हात म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे 45 सेंटीमीटर. 18 मीटरवर दोन हात. 30 मीटरवर पुन्हा दीड हातच. 40 मीटरच्या आसपास टोक थेट मध्यावर येतं, आणि 50 मीटरवर मध्याच्या अडीच हात वर न्यावं लागतं.

यातली खरी कमाई मधे आहे. 15 मीटरपासून 25 मीटरपर्यंत माझा फरक जवळजवळ बदलतच नाही, दोन हातांच्या आसपास राहतो. म्हणजे अंतराचा अंदाज दोन-तीन मीटरने चुकला तरी बाण फारसा चुकत नाही. तुमच्या धनुष्याचा असा सपाट पट्टा शोधा आणि पहिले सहा महिने त्यातच राहा.

हवेत दोन हात मोजणं अवघड वाटत असेल तर खूण ठेवा. साइट येण्याआधी स्पर्धेतले तिरंदाजही जमिनीवर खूण ठेवून तिच्यावर टोक धरत. मध्य 130 सेंटीमीटरवर असेल आणि फरक दोन हात, तर खूण जमिनीपासून 40 सेंटीमीटरवर येते. मी पोत्याखाली मधोमध काठी रोवून तिला तिथे लाल चिंधी बांधतो. टोक चिंधीवर, अँकर पक्का, सोडा. बाण मध्याच्या वर लागत असतील तर चिंधी खाली सरकवा, खाली लागत असतील तर वर. चार-पाच फेऱ्यांत जागा सापडते. काही आठवड्यांनी चिंधी काढली तरी डोळ्याला ती जागा दिसत राहते.

तिसरी पद्धत दोरीवरून बोटं खाली सरकवण्याची. बोटं खाली गेली की बाणाची शेपटी डोळ्याजवळ येते आणि टोक थेट मध्यावर धरता येतं. माझ्या मोजमापाने 18 मीटरसाठी बोटं साधारण चार सेंटीमीटर खाली न्यावी लागतील. स्पर्धेतल्या बेअरबो, म्हणजे साइट नसलेल्या आधुनिक धनुष्याच्या गटात हे नियमात बसतं आणि तिथले चांगले तिरंदाज हेच करतात. लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या साध्या लांब धनुष्याच्या गटात मात्र चालत नाही, आणि बांबूच्या धनुष्याला ते मानवतही नाही. वरच्या-खालच्या पात्यांवरचा ताण बिघडतो आणि बाण डुलत निघतो. बांबूचं धनुष्य असेल तर या वाटेला जाऊ नका.

डावं-उजवं

वर-खाली फरकाने सुटतं, डावं-उजवं दोरीने. पूर्ण ओढल्यावर दोरी डोळ्यासमोर धूसर रेघ होऊन दिसते. ती रेघ धनुष्याच्या कोणत्या कडेला येते ते बघा आणि प्रत्येक वेळी तिथेच आणा. मान वळली की रेघ सरकते, आणि बाणही.

रेघ जागेवर असूनही सगळे बाण एकाच बाजूला जात असतील तर बाणाचा कडकपणा तपासा. सुटताना बाण माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण फार कडक असेल तर डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. डाव्या हाताने ओढणाऱ्याचं उलट. अशा वेळी नेम बदलून उपयोग नाही, बाण बदला. मात्र सोडताना बोटं गालापासून बाहेर झटकत असतील तरी उजव्या हाताचा बाण डावीकडेच जातो. म्हणून आधी हात बघा, बाणाचा खर्च नंतर.

एका बाणावर विश्वास ठेवू नका

सहा बाण सोडा, मग चालत जा. सहाही एका ताटाएवढ्या जागेत असतील, भले ती जागा कोपऱ्यात का असेना, तर तुमचं चांगलं चाललंय, फक्त खूण हलवा. सहा बाण सहा दिशांना असतील तर खुणेला हात लावू नका, परत 5 मीटरवर जाऊन अँकर पक्का करा. प्रत्येक बाणानंतर नेम बदलणारा माणूस स्वतःच्या चुकीचा पाठलाग करत राहतो.

नेम दोन-तीन सेकंदांत धरला गेला पाहिजे. त्याहून जास्त थांबलात तर हात दमतो. अशा वेळी दोरी सावकाश परत आणा, श्वास घ्या, पुन्हा ओढा. सोडल्यावर धनुष्याचा हात बाण पोत्यात घुसल्याचा आवाज येईपर्यंत खाली आणू नका. बाण कसा जातोय ते बघायची घाई झाली की हात बाण सुटायच्या आधीच खाली येतो.

पावसाळ्यानंतर

एका वहीत अंतर आणि फरक लिहून ठेवा, पण पेन्सिलने. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की बांबूचं धनुष्य मऊ पडतं आणि बाण सावकाश जातो. सावकाश बाणाचा फरक कमी होतो, म्हणजे चिंधी वर न्यावी लागते. बांबूचे बाण वाकतातही. एक डोळा मिटून शेपटीकडून टोकाकडे बघत फिरवला की वाक दिसतो. निखाऱ्यावर लांबून शेकून हाताने हळूहळू सरळ करता येतो, पण बांबू काळा पडू देऊ नका. धनुष्य दोरी उतरवून, चुलीपासून आणि ओल्या भिंतीपासून लांब, आडवं ठेवा. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की आठवडाभर 5 मीटरवर, मग 18 वर, आणि वहीतले जुने आकडे खोडून नवे लिहा.