काळ्या बॉनेटवरची जाळी हाताने कशी काढावी

माझी गाडी काळी आहे. सावलीत उभी असली की नवीकोरी दिसते, पण ऊन बॉनेटवर आलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं चमकायला लागतं. ते ओरखडे खरं तर गोल नसतात. फडकं जसं फिरलं तसे वेडेवाकडे पसरलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात आणि आपल्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवून बघा, वर्तुळंही तिच्याबरोबर सरकतात.

मशीन नसलं तरी ही जाळी बरीच कमी करता येते. वेळ मात्र लागतो. मी एका सुट्टीच्या दिवशी फक्त बॉनेट घेते, पूर्ण गाडी नाही. दंड भरून आले की हात नीट चालत नाही आणि शेवटचे पॅनेल उरकले जातात.

आधी ओरखडा ओळखा. त्यावरून नख आडवं, हलकेच फिरवा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे, हाताच्या पॉलिशने जाणार नाही. नख न अडकता सरकलं आणि पाण्याने ओला केल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच, म्हणजे क्लिअर कोटमध्येच आहे. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिशने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून त्याच्या तळाशी आणला जातो. झिजलेला थर परत येत नाही, म्हणून मी नेहमी सगळ्यात सौम्य पॉलिशपासूनच सुरुवात करते. कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, जोरात कापतं खरं, पण मागे धुरकट छटा सोडतं, आणि काळ्या रंगावर ती घालवायला पुन्हा बारीक पॉलिश मारावंच लागतं. टूथपेस्ट रंगाला लावू नका. तिच्यातले कण गाडीच्या रंगासाठी बनवलेले नसतात.

गाडी शाम्पूने स्वच्छ धुवा. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून हात फिरवा. खरखर लागली तर धूळ, डांबर, झाडाचा चीक अजून चिकटलेला आहे. तिथे भरपूर ओलावा ठेवून क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ वडी, फिरवा, नाहीतर तेच कण पॉलिशमध्ये मिसळून नवे ओरखडे पाडतील. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आणि पॅनेलच्या कडांवर मास्किंग टेप लावा. प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरे डाग पडतात, आणि कडांवर रंग मुळातच पातळ असतो.

काम सावलीत करा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. कापड बोटांना गुंडाळून घासू नका. दाब बोटांच्या टोकांवर येतो आणि पट्टे उमटतात. तळहातात बसणारं फोमचं पॅड घ्या. त्यावर वाटाण्याएवढे तीन थेंब पॉलिश टाका आणि साधारण एक फूट लांब-रुंद चौकोनच निवडा. आधी ते हलक्या हाताने चौकोनभर पसरा. मग तळहाताचा सारखा दाब देत उभे, सरळ हात मारा. प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढला पाहिजे. नंतर तसेच आडवे. गोल फिरवायचा मोह टाळा. दोन-तीन मिनिटांत पॉलिशचा थर पातळ, जवळजवळ पारदर्शक होतो. तेव्हा दाब कमी करून शेवटचे दोन-चार हात मारा आणि पूर्ण वाळायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा.

आता घाईने खूश होऊ नका. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात. ती ओरखड्यात बसून त्याला झाकतात आणि दोन धुण्यांनंतर जाळी परत वर येते. पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून तो चौकोन पुसा, मग टॉर्च तिरकी धरा. शेजारच्या न घासलेल्या भागाशी तुलना केली की फरक लगेच कळतो. हवं तर आणखी दोन फेऱ्या मारा. तरी एखादी रेघ उरली तर ती राहू द्या. मी त्या रेघेवर हट्टाने घासत बसत नाही.

एकदा माझ्या हातातून पॅड जमिनीवर पडलं. मी ते झटकून तसंच पुढे वापरलं. पुसल्यावर टॉर्चखाली सहा-सात सरळ, ताजे चरे दिसले, आधीच्या जाळीपेक्षा खोल. तेव्हापासून तीन पॅड जवळ ठेवते आणि पडलेलं त्या दिवशी पुन्हा उचलत नाही.

सगळं झालं की वॅक्स किंवा सीलंटचा, म्हणजे रंगावर संरक्षक थर देणाऱ्या लेपाचा, पातळ हात द्या. आणि कोरड्या धुळीवर फडकं मारायची सवय आजच सोडा, बरीचशी जाळी तिथूनच येते. धुताना आधी पाण्याच्या धारेने माती जाऊ द्या. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळून घ्यायची. छतापासून खाली या, चाकांच्या वरचा भाग सगळ्यात शेवटी. पुसताना मोठा टॉवेल पत्र्यावर अंथरून नुसता दाबा आणि पाणी टिपून घ्या.