राज्यसेवा पूर्व परीक्षेचे दोन पेपर कसे सोडवावेत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसून तासन्‌तास वाचन करणारे अनेक उमेदवार पेपर कसा सोडवायचा, हे मात्र परीक्षागृहात गेल्यावर ठरवतात. हा निर्णय आधीच घेऊन ठेवावा, कारण प्रश्नपुस्तिका हातात पडल्यानंतर त्यासाठी वेळही नसतो आणि मनही स्थिर नसते.

पहिल्या पेपरमध्ये सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 72 सेकंद मिळतात आणि त्यातच उत्तरपत्रिकेवरील गोल रंगवायचे असतात. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे प्रश्न सोडवावेत, अर्धवट आठवणाऱ्या प्रश्नांवर खूण करून पुढे जावे आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे परतावे. गोल शेवटी एकदम रंगवण्याचा मोह टाळावा. एक पान सोडवून झाले की त्या पानाची उत्तरे लगेच नोंदवावीत आणि वगळलेल्या प्रश्नाचा क्रमांक दर वेळी ताडून पाहावा, कारण एक ओळ चुकली तर पुढची सगळी उत्तरे सरकतात. रंगवलेले उत्तर पेनमुळे बदलता येत नाही, म्हणून पर्याय पक्का झाल्याशिवाय पेन टेकवू नये. विधानांवर आधारित प्रश्नांत ‘योग्य’ विचारले आहे की ‘अयोग्य’, हा शब्द आधी अधोरेखित करावा. मराठी वाक्याचा अर्थ संदिग्ध वाटल्यास शेजारचा इंग्रजी मजकूर वाचून घ्यावा. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत याचा फार उपयोग होतो.

नकारात्मक गुणांची भीती बहुतेकांना असते, पण तिचा हिशेब फार थोडे जण मांडतात. बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा भाग, म्हणजे अर्धा गुण वजा होतो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडण्यात सरासरी पाऊण गुणाचा फायदा असतो. एकच पर्याय बाद झाला, तर हा फायदा साधारण एकतृतीयांश गुणावर येतो. त्यामुळे दोन पर्याय बाद झालेला प्रश्न सोडून देणे हे माझ्या मते नुकसानच आहे. ज्या प्रश्नातील एकही पर्याय बाद करता येत नाही, तो मात्र निश्चिंतपणे सोडावा, कारण तेथे हाती लागण्यासारखे जवळजवळ काहीच नसते आणि वेळ मात्र जातो.

दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट (उतारे, गणित, तर्क यांवर आधारित अभिक्षमता चाचणी), आता केवळ पात्रतेचा आहे. 200 पैकी 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की पुरते. ‘फक्त पात्रता’ या शब्दांमुळे तो हलका समजला जातो आणि पहिल्या पेपरात उत्तम गुण असलेले उमेदवार येथे अडकतात, याचे मनापासून वाईट वाटते. येथे 80 प्रश्न असून प्रत्येकाला अडीच गुण आहेत. समजा, एखाद्याने 50 प्रश्न सोडवले आणि त्यांतील 30 बरोबर, तर 20 चुकीचे निघाले: मिळाले 75, वजा झाले साडेबारा, हाती राहिले 62.5, आणि उमेदवार अपात्र! त्याऐवजी 40 प्रश्न शांतपणे सोडवून तेवढेच 30 बरोबर आणले असते, तर 68.75 गुण झाले असते. म्हणून या पेपरात संख्येपेक्षा अचूकता महत्त्वाची मानावी. उताऱ्यांचे प्रश्न सोडवताना स्वतःचे सामान्य ज्ञान बाजूला ठेवून उताऱ्यात जे लिहिले आहे, त्यावरूनच उत्तर द्यावे; ज्याला गणिताची भीती वाटते, त्याने टक्केवारी, गुणोत्तर आणि सरासरी एवढे तरी घोटून घ्यावे. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नसतात, त्यामुळे त्यांतील एकही कोरा सोडू नये.

दोन पेपरांच्या मधल्या वेळेत पहिल्या पेपरच्या उत्तरांची चर्चा ऐकू नये. हलके जेवून, मित्रांच्या घोळक्यापासून दूर बसावे.

आयोगाने पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध केल्यावर उत्तरपत्रिकेच्या कार्बन प्रतीवरून आपले गुण काढावेत आणि एखादे उत्तर चुकीचे वाटल्यास मुदतीत प्रमाणित संदर्भासह ऑनलाइन हरकत नोंदवावी. गुण आशादायक वाटले, तर निकालाची वाट न पाहता मुख्य परीक्षेच्या लेखनाचा सराव सुरू करावा; ती 2025 पासून वर्णनात्मक स्वरूपाची झाल्यामुळे पूर्व परीक्षेतील वाचनाची सवय तेथे एकटी पुरत नाही.