कार्ब्युरेटर डिझाइन शिकायला येणाऱ्यांसाठी: आठ मिलिमीटरच्या गळ्यापासून सुरुवात

माझं पहिलं डिझाइन कागदावरच बाद झालं. वर्ष १९९४. नोकरीला लागून तीन महिने झाले होते, इंदूरहून रोज बसने पिथमपूरला जायचो. १०० सीसीच्या, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी कार्ब्युरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा) गळा, म्हणजे व्हेंचुरीचा सगळ्यात अरुंद भाग, किती व्यासाचा हवा ते काढायला साहेबांनी सांगितलं. हिशेब सरळ वाटला. ७५०० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला ३७५० वेळा हवा आत ओढतं. दर वेळी १०० सीसीपैकी ८५ टक्केच खरोखर भरते असं धरलं, की मिनिटाला साधारण ३१९ लिटर, सेकंदाला ५.३ लिटर. गळ्यात हवेचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला. भागाकार केला, क्षेत्रफळ ५३ चौरस मिलिमीटर, व्यास ८.२ मिलिमीटर. सुवाच्य अक्षरात लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब देवासचे, मोजकं बोलणारे. त्यांनी कागद वाचला, कपाटातून तेवढ्याच इंजिनाच्या एका मोटरसायकलचा कार्ब्युरेटर काढला आणि व्हर्नियरसकट माझ्या हातात दिला. "मोज." गळा सोळा मिलिमीटरच्या वर भरला. माझ्या दुप्पट. "आता दोघांतलं कोण चुकलं ते उद्या सांग," म्हणाले.

रात्री रामबागेतल्या घरी जेवण झाल्यावर पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा कुठे लक्षात आलं. मी मिनिटभराची हवा मिनिटभर सारखी वाटून टाकली होती. पण एका सिलिंडरचं इंजिन सतत हवा ओढत नाही. ७२० अंशांच्या चक्रात सक्शन स्ट्रोक जेमतेम १८० अंशांचा. उरलेला पाऊण वेळ गळ्यातली हवा जवळपास उभी असते. सगळी हवा पाव वेळात आत जायची, तर त्या क्षणाचा प्रवाह सरासरीच्या चौपट हवा. क्षेत्रफळ चौपट, म्हणून व्यास दुप्पट: १६.४ मिलिमीटर. कॉलेजात मी सोडवलेली गणितं चार सिलिंडरच्या इंजिनांची होती. तिथे एक सिलिंडर थांबेपर्यंत दुसरा ओढायला लागतो, त्यामुळे सरासरीने काम भागून जातं.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण तीस वर्षांनंतरही नवीन आलेली मुलं नेमकी इथेच अडकतात. आता त्यांच्याकडे वहीऐवजी सीएफडीचं, म्हणजे प्रवाहाचं गणित सोडवणारं, सॉफ्टवेअर असतं. पण आत जाणारा प्रवाह स्थिर धरून सरासरी आकडा भरला, की रंगीत चित्रातही तीच चूक निघते. सॉफ्टवेअर जरूर शिका. त्याआधी एका स्ट्रोकमध्ये गळ्यातला वेग कसा चढतो-उतरतो याचा आलेख हाताने काढून पाहा.

आता मुख्य गोष्ट. एका वेगासाठी, एका लोडसाठी कार्ब्युरेटर कुणालाही बनवता येतो. अवघड आहे तो दोन बिंदूंमधला रस्ता.

पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवावं लागतं, १२.५ ते १३ च्या आसपास. रमतगमत चालताना मायलेजसाठी १५-१६ पर्यंत लीन, म्हणजे पेट्रोल कमी, करता येतं. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, पुन्हा रिच, कारण जळून गेलेला बराच वायू सिलिंडरमध्येच उरलेला असतो. म्हणजे थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची झडप) बंद असताना रिच, मध्ये लीन, पूर्ण उघडल्यावर परत रिच. आणि हे सगळं कुठलाही सेन्सर नसताना, फक्त भोकं, नळ्या आणि हवेचा दाब यांच्या जोरावर.

नुसता एक गळा आणि एक जेट (मापाचं बारीक भोक, ज्यातून पेट्रोल येतं) एवढाच कार्ब्युरेटर बनवला, तर तो दोन्ही टोकांना फसवतो. जेटमधून वर येणाऱ्या नळीचं तोंड फ्लोट चेंबरमधल्या (तरंगत्या फ्लोटने पातळी कायम ठेवणाऱ्या छोट्या टाकीतल्या) पेट्रोलच्या पातळीपेक्षा पाचेक मिलिमीटर उंच ठेवलेलं असतं, गाडी उभी असताना पेट्रोल वाहू नये म्हणून. त्यामुळे हवा कमी असताना ओढच इतकी अपुरी पडते की पेट्रोल त्या ओठापर्यंतही चढत नाही. उलट हवा वाढत गेली की ती गळ्यात प्रसरण पावून विरळ होते. पेट्रोल काही विरळ होत नाही, म्हणून मिश्रण आपोआप रिच होत जातं. पहिल्या अडचणीसाठी पायलट सर्किट आहे, म्हणजे पेट्रोलची वेगळी बारीक वाट, त्याचं तोंड थ्रॉटलच्या जवळ, जिथे आयडलिंगला ओढ सगळ्यात जास्त असते. दुसरीसाठी एअर ब्लीड: मेन जेटच्या नंतर त्याच नळीत थोडी हवा सोडायची, म्हणजे ओढ वाढली की तिच्याबरोबर ब्लीडची हवाही वाढते आणि पेट्रोलला आवर बसतो. शिवाय पेट्रोल फेसाळून येतं, त्यामुळे बारीक फवारा होतो. माझ्या मते सगळ्या कार्ब्युरेटरमधली सगळ्यात हुशार कल्पना हीच. आणि नवीन माणसाचं लक्ष सगळ्यात कमी जातं तेही तिच्याकडेच, कारण ड्रॉइंगवर ती चार-पाच बारीक भोकं पाडलेली नळी दिसते, बस.

स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये (ज्यात वर-खाली सरकणारी स्लाइडच थ्रॉटल असते आणि तिला निमुळती सुई लावलेली असते) कामाची वाटणी साधारण अशी: थ्रॉटल अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा कापलेला काठ, पाव ते पाऊण सुई आणि नीडल जेट, त्यापुढे मेन जेट. सीमा काटेकोर नाहीत, एकाचं काम संपण्याआधी दुसऱ्याचं सुरू झालेलं असतं. गाडी ज्या जागी अडखळते ती बहुतेक वेळा या सांध्यावरची असते.

इंदुरात काम करायचं तर इथे एक भाषेचा मुद्दा येतो. आमच्या घरी मराठी, गॅरेजात हिंदी, ड्रॉइंगवर इंग्रजी. गिऱ्हाईक किंवा मेकॅनिक तुम्हाला कधीही 'ट्रान्झिशनला मिश्रण लीन होतंय' असं सांगणार नाही. तो म्हणेल, "भिया, गाडी उठ नी री," म्हणजे भाऊ, गाडी वेग घेत नाहीये. हे एक वाक्य नीट ऐकता आलं पाहिजे. कुठून उठत नाही? बंद थ्रॉटलपासून, की अर्ध्यापासून? झटक्यात उघडल्यावर, की हळू उघडल्यावरही? झटक्यातच अडखळत असेल तर जेट बदलून फार काही साधत नाही. एकदम उघडल्यावर हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्यामुळे मागे राहतं, त्यातलं काही नळीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि क्षणभर मिश्रण लीन होतं. त्यासाठी ॲक्सिलरेटर पंप देतात, किंवा हवेच्या ओढीने पिस्टन आपोआप उचलला जातो असा सीव्ही कार्ब्युरेटर वापरतात. हळू उघडतानाही अडखळत असेल तर त्या टप्प्याचा पार्ट शोधा. थ्रॉटलच्या मुठीवर मास्किंग टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. वीस रुपयांच्या टेपने माझी कित्येक भांडणं मिटवली आहेत.

आता जेट. पितळेचा एवढासा तुकडा, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेल. ०.९० मिलिमीटरच्या भोकात व्यास फक्त ०.०१ ने वाढला तर क्षेत्रफळ सव्वादोन टक्के वाढतं. शिवाय दोन जेटचा व्यास तंतोतंत सारखा असूनही प्रवाह वेगळा येऊ शकतो, कारण तोंडाशी चँफर (तिरपी कड) किती, भोकाची लांबी किती, आतला पृष्ठभाग कसा, या सगळ्यावर तो अवलंबून असतो. म्हणून चांगल्या कारखान्यात जेट गेज पिनने मोजून सोडत नाहीत, प्रवाह तपासून नंबर देतात. काही कंपन्यांचा नंबर प्रवाहावरून असतो, काहींचा व्यासावरून, तेव्हा एकाचा ९० आणि दुसऱ्याचा ९० एकच समजू नका. आणि जेट कधीही तारेने साफ करू नका. भिंगाखाली पाहिलंत तर तारेने ओरखडलेला काठ स्पष्ट दिसतो. असा जेट पुढच्या सगळ्या चाचण्या बिघडवतो, आणि तुम्ही दोष सुईला देत बसता.

फ्लोट चेंबर दिसायला साधा, म्हणून त्याला कुणी वेळ देत नाही. मीही दिला नव्हता. पॉवर वीडरच्या (तण काढायच्या यंत्राच्या) एका इंजिनासाठी मी चेंबर गळ्याच्या पुढच्या बाजूला ठेवला, मधलं अंतर ३० मिलिमीटर. पॅकिंगला जागा छान मिळत होती. टेस्ट बेंचवर इंजिन दिवसभर घड्याळासारखं चाललं. मग यंत्र सिमरोलकडच्या एका उताराच्या शेतात नेलं. चढाला लागलं की पेट्रोल गळ्यात वाहायचं आणि काळा धूर निघायचा. उताराला लागून थ्रॉटल सोडलं की इंजिन बंद. शेताचे मालक बांधावर उभे राहून पाहत होते, त्यांनी चार वेळा दोरी ओढून दिली आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मला त्याचंच जास्त लागलं. हिशेब दोन ओळींचा आहे: सहास एक चढ असेल तर ३० मिलिमीटरवर पातळी ५ मिलिमीटरने बदलते. माझा ओठ पाचच मिलिमीटर उंच होता. बेंच सपाट, म्हणून तिथे काही दिसलं नाही.

म्हणूनच चांगल्या डिझाइनमध्ये जेट चेंबरच्या मधोमध आणि फ्लोट दोन्ही बाजूंना असतात. मोटरसायकल वळणावर झुकते तेव्हा मात्र पातळी जवळपास बिघडत नाही, कारण पेट्रोलही गाडीबरोबर झुकतं. ब्रेक मारताना बिघडते. जोरदार ब्रेकला गाडीचा वेग अर्धा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने घटला, तर पेट्रोलचा पृष्ठभाग दोनास एक उतारासारखा पुढे चढतो. ब्रश कटरसारखं यंत्र, जे आडवं-तिडवं कसंही धरलं जातं, त्याला फ्लोटच नसतो, तिथे डायफ्राम (लवचीक पडद्याचा) कार्ब्युरेटर लागतो.

उंचीबद्दल एक गैरसमज इथल्या मुलांमध्ये कायम भेटतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तर मानपूरच्या पुढचा घाट उतरून धामनोदमार्गे महेश्वरला गेलं की आपण चारेकशे मीटर खाली येतो. घाट उतरल्यावर गाडी वेगळी वागली की सगळे उंचीवर खापर फोडतात. दर शंभर मीटरला हवेची घनता सुमारे एक टक्का बदलते, म्हणजे इथे चार टक्के. मिश्रणावर परिणाम घनतेच्या वर्गमुळाने होतो, म्हणजे दोनच टक्के लीन, आणि निमाडातल्या उकाड्याने त्यातलंही काही कमी होतं. दोन टक्क्यांनी नीट बसवलेली गाडी अडखळत नाही. घाटात थ्रॉटल बंद ठेवून उतरताना सायलेन्सरमध्ये फटफट होते, तिचं कारण आधी पायलट सर्किटमध्ये आणि एक्झॉस्टच्या गळक्या जोडात शोधा.

आता पोटापाण्याचा प्रश्न. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. धूर स्वच्छ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मिश्रण १४.७ च्या अगदी अरुंद पट्ट्यात लागतं. ऑक्सिजन सेन्सर पाहून क्षणोक्षणी दुरुस्ती करायची तर इंजेक्शनच (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) हवं. त्यामुळे 'मी फक्त कार्ब्युरेटर करणार' असं ठरवून कुणी येऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. पंप, जनरेटर, वीडर, फवारणीची यंत्रं यांत काम आहे, पण जागा थोड्या. पण कार्ब्युरेटर नीट शिकलेला मुलगा इंजेक्शनच्या कॅलिब्रेशनला बसला की चटकन पुढे जातो, हे मी स्वतः पाहिलंय. भिंतीला चिकटणारं पेट्रोल तिथेही आहे, फक्त त्याची भरपाई आता पंपाऐवजी आकड्यांच्या तक्त्यात करायची असते.

इंदूरच्या मुलांना एक सोय आहे ती वापरा. एसजीएसआयटीएस हे इंजिनीअरिंग कॉलेज १९५२ पासून आहे, आणि पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. एसएई इंडियाची बाहा स्पर्धाही (विद्यार्थ्यांनी खडबडीत वाटेवरची छोटी गाडी बनवायची) २००७ पासून अनेक वर्षं पिथमपूरलाच भरली. स्पर्धेत भाग घ्या, पण तिथे इंजिन जसं मिळतं तसंच वापरायचं असतं, त्यामुळे कार्ब्युरेटर त्यातून शिकाल असं समजू नका. त्यासाठी एखादा जुना स्लाइड कार्ब्युरेटर भंगारातून घ्या, पूर्ण खोला, प्रत्येक भोक मोजून हवा आणि पेट्रोलच्या वाटा दोन रंगांत कागदावर काढा. मग चालू गाडीवर एका वेळी एकच बदल करा: सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, मिश्रण रिच. गाडी चालवा, प्लग काढून पाहा, वहीत लिहा, क्लिप परत जागेवर. दोन बदल एकदम केलेत तर त्या दिवसाची नोंद खोडून टाका.

सध्या माझ्या टेबलावर येणारं निम्मं काम २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचं आहे. इथेनॉलला एका ग्रॅममागे ९ ग्रॅम हवा पुरते, त्यामुळे या मिश्रणाचा आकडा १४.७ वरून साधारण १३.५ वर येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जुना जेट आता इंजिनाला सात-आठ टक्के लीन चालवतो, घाटाच्या उंचीपेक्षा तिपटी-चौपटीने जास्त. जुने पंप, जुन्या गाड्या गरम होतात, उठत नाहीत, आणि लोक पुन्हा पुन्हा आयडलिंगचा स्क्रू फिरवत राहतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, यंत्र महिनोन् महिने उभं राहिलं की चेंबरच्या तळाशी पांढुरकी पूड साचते आणि पायलट जेट बुजतो. तुमच्या हातात पहिलं यंत्र येईल ते बहुधा असंच असेल. जेट मोठा करण्याआधी चेंबर उघडून तळ बघा, ड्रेन स्क्रूने सगळं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर त्या दिवशी ट्यूनिंग नको, आधी टाकी साफ करा.