जबरीचा तलाक: अभ्यास कुठून सुरू करावा

इस्लामी कौटुंबिक कायद्याच्या अभ्यासाला लागलो तेव्हा माझ्या पहिल्याच टिपणात मी ठामपणे लिहिले होते की, धाक दाखवून वदवून घेतलेला तलाक इस्लामी कायद्यात निरर्थक ठरतो. शिक्षकांनी समासात एकच प्रश्न लिहिला: ‘कोणत्या मजहबप्रमाणे?’ मजहब म्हणजे इस्लामी कायद्याची विचारपरंपरा. मालिकी, शाफई आणि हंबली मजहब असा तलाक मानत नाहीत, शिया जाफरी फिक्हही (कायदाशास्त्र) मानत नाही. हनफी मजहबात मात्र तोंडी उच्चारलेला तलाक जबरीचा असला तरी लागू होतो.

नवख्या विद्यार्थ्याला हनफी मत प्रथम निर्दयी वाटते, मलाही वाटले. त्यामागचा तर्क समजण्यासाठी ‘इख्तियार’ आणि ‘रजा’ या दोन संज्ञांवर वेळ खर्च करावा. इख्तियार म्हणजे निवड, रजा म्हणजे मनापासूनची संमती. हनफी फकीह (कायदेपंडित) म्हणतात की, धमकावला गेलेला पुरुष समोरच्या दोन संकटांपैकी सौम्य संकट जाणूनबुजून पत्करतो. म्हणजे त्याची निवड शाबूत असते, नसते ती संमती. थट्टेत दिलेल्या तलाकातही संमती नसते, आणि निकाह, तलाक व रुजू (तलाक मागे घेऊन पत्नीला परत स्वीकारणे) या तीन बाबतींत थट्टादेखील गांभीर्यच मानली जाईल, अशी हदीस (पैगंबरांचे वचन) आहे. जबरीच्या विक्रीला हाच नियम ते लावत नाहीत, कारण विक्री रद्द करता येते. हा फरक लक्षात आला तेव्हा मला त्यांची मांडणी प्रथमच सुसंगत वाटली, जरी पटली नाही. सहवासापूर्वी असा तलाक घडल्यास पतीला द्यावी लागणारी अर्धी मेहर (निकाहात पत्नीला देय ठरलेली रक्कम) जबरदस्ती करणाऱ्याकडून वसूल करता येते, असेही तेच सांगतात.

विरुद्ध बाजूचा मुख्य आधार म्हणजे कुराणातील १६:१०६ ही आयत. बळजबरीने उच्चारलेला कुफ्रसुद्धा (ईश्वराला नाकारणे) जिथे माफ आहे, तिथे तलाकाचे शब्द कसे बांधतील, हा त्यांचा सवाल मला अधिक वजनदार वाटतो. ‘इगलाक’च्या अवस्थेत तलाक नाही, ही पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून आलेली हदीसही ते देतात, मात्र इगलाक म्हणजे जबरी की अनावर क्रोध, यावर मतभेद असल्याने तो शब्द सावधपणे वापरावा.

मजहब ठरला तरी प्रत्येक धाक म्हणजे ‘इकराह’ (कायद्याने मानलेली जबरदस्ती) नव्हे. धमकी देणारा ती अमलात आणण्यास समर्थ असावा, धमकावलेल्याला तसा प्रबळ अंदाज असावा आणि होणारी हानी गंभीर असावी, या अटी तपासाव्या लागतात. नातेवाइकांची नाराजी किंवा नुसता आग्रह त्यात सहसा बसत नाही. न्यायाधीशाने न्याय्य कारणासाठी केलेली सक्तीही वेगळी धरली जाते.

हनफी ग्रंथांवरच थांबू नये. इजिप्तच्या न्यायालयांत हनफी फिक्हाचा अंमल असतानाही १९२९ च्या कायदा क्रमांक २५ च्या पहिल्याच कलमाने नशेतील आणि जबरीचा तलाक लागू होत नाही असे ठरवले. शिवाय खुद्द हनफींमध्येही जबरीने केवळ लिहून घेतलेला, तोंडाने न उच्चारलेला तलाक लागू होत नाही, कारण लेखन हे गरजेपुरतेच उच्चाराच्या जागी येते आणि इथे ती गरज नसते. त्यामुळे एखादा फतवा वाचताना, शब्द उच्चारले होते की कागदावर सही घेतली होती, हे मी आता सर्वांत आधी नोंदवतो.