बंद खाणीच्या आठवणींचं दालन: आधी माणसं, मग टब

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात खाण बंद पडली की वसाहतीत पहिली सूचना येते ती चौकात कोळशाचा टब, म्हणजे रुळावरून कोळसा वाहणारी छोटी लोखंडी डबागाडी, मांडण्याची. टब जरूर मांडा, पण नंतर. लोखंड दहा वर्षं थांबेल. म्हातारे झालेले कोळसा भरणारे लोडर, छताला लाकडी टेकू देणारे टिंबरमन, टब ओढण्याच्या कामावरचे हॉलेज खलाशी थांबणार नाहीत.

म्हणून आठवणींच्या दालनाची सुरुवात मुलाखतींनी करा. एक बैठक ४० मिनिटांची पुरे, अनेकांना दम लागतो. सुरुंगांच्या आवाजाने बऱ्याच जणांना कमी ऐकू येतं. चांगला कान कोणता ते विचारून त्या बाजूला बसा. पंखा बंद, माइक हनुवटीपासून वीतभर. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की भाषण सुरू होतं. त्यापेक्षा पाळीचा क्रम धरा: हजेरी कुठे लागायची, लॅम्प रूममधून दिवा कसा मिळायचा, छत ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर काय करायचे. छत्तीसगढी किंवा तेलुगू बोलणाऱ्याला त्याच्याच भाषेत बोलू द्या. बायकांना वगळू नका. जमिनीखाली काम करण्यावरची त्यांची बंदी युद्धकाळात, १९४३ मध्ये उठली आणि १९४६ मध्ये परत लागू झाली. त्या पिढीबद्दल आता लेकी-सुनांनाच विचारावं लागेल.

अपघातात गेलेल्यांच्या नावांची पाटी हे सगळ्यात नाजूक काम. हजेरीपटावरचं नाव कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं आणि एकाच नावाचे तिघे निघतात. वडिलांचं नाव आणि मूळ गाव जोडा, कच्चा मजकूर घरच्यांना वाचून दाखवा, मगच दगडावर कोरा. कोरलेली चूक पुसता येत नाही.

वस्तूंमध्ये पितळी सेफ्टी लॅम्प (जाळीबंद ज्योतीचा खाणीतला दिवा) आला तर घासून चकचकीत करू नका. त्यावरचा ठोकलेला क्रमांक झिजला तर दिवा कोणाचा हे शोधण्याची वाट बुजते. मऊ ब्रशने धूळ काढा, बस. जुन्या कॅप लॅम्पची (टोपीवर लावायच्या दिव्याची) बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर हातमोजे घालून काढा आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. कोळशाचा नमुना मुठीएवढाच, झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, कारण उघड्यावर तो वाळून तडकतो. शोभेसाठी ढीग रचू नका. इथला कोळसा ढिगात आपोआप तापून पेटतो.

टब भंगाराच्या लिलावात जाण्याआधी कोळसा कंपनीच्या एरिया कार्यालयाकडून लेखी हस्तांतरपत्र घ्या. तळाला १२ मिलिमीटरची चार भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून तळच आधी सडतो. तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर एनॅमल. काळ्या मातीत चौथरा थेट बांधला तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि चौथरा तडकतो. माती किमान दोन-तीन फूट काढून मुरूम दाबा. जागा ठरवण्याआधी खाणीचा नकाशा मागवून खाली जुनं खोदकाम नाही याची खात्री करा. चाकं रुळाला वेल्ड करा, मुलं ढकलून बघतातच.

फोटोसाठीसुद्धा बंद खाणीच्या तोंडातून आत जाऊ नका. मिथेन किंवा प्राणवायू संपलेली हवा नाकाला कळत नाही.

उद्घाटनाला ४ मे, कोळसा कामगार दिन, साधता येतो. तेव्हा ऊन भाजून काढतं, म्हणून सकाळी सातला सुरू करून नऊला संपवा. भाषणं दोनच ठेवा, पण पाटीवरचं प्रत्येक नाव गावासकट, सावकाश वाचा.