घरचं माणूस अचानक ॲडमिट झालं तर: माझ्या वहीतून

मी गावच्या विकास सोसायटीत हिशेब लिहितो. दवाखान्यातही सवयीनं वही घेऊन गेलो, आणि त्या अकरा दिवसांत माझ्यापेक्षा तीच जास्त उपयोगी पडली.

श्रावणातली पहाट. आण्णा, म्हणजे माझे वडील, वय 71, गोठ्यातून येऊन कट्ट्यावर टेकले ते तिथंच. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात लोंबतोय, बोलणं कळेना. चुलती म्हणाली, "वारं गेलंय, तेल चोळा," आणि साखरपाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावायला निघाली. मी तो काढून घेतला, तर ती अजून रागात आहे. पण अर्धांगाची शंका आली की तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. गिळणं बिघडलेलं असतं, पाणी फुप्फुसात उतरतं. तेल तर नकोच, त्यात वेळ जातो.

वेळ आम्हीही घालवलाच. 108 ला फोन करायचा सोडून शेजारच्या गाडीतून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सीटी स्कॅनचं मशीनच नव्हतं. पाऊण तास गेला. निघण्याआधी एकच विचारा: स्कॅन कुठं होतं?

साताऱ्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न नाव-गावाचा नव्हता. "शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?" मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झटका झोपेत आला असेल तर रात्री झोपायला गेले तिथपासून वेळ धरतात. आईला आठवलं, म्हशीला वैरण टाकताना पाचला त्यांनी चहा मागितला होता, नीट बोलून. वहीत पहिली ओळ ती: "5.00, चहा मागितला." दुसरा प्रश्न, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? मी गोळ्यांचा अख्खा डबाच उचलून नेला होता. तुम्हीही तेच करा, नावं आठवत बसू नका.

आता पैसा. मूळ रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी घरून मागवा. दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर दाराशीच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत, पण ठरलेलेच. आपलं त्यात बसतं का, हे ॲडमिट करतानाच विचारा; बिल भरून झाल्यावर तिथं जाण्यात अर्थ नाही. दवाखाना धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो, म्हणून एका माणसाला लगेच तिकडं धाडा. खासगी विमा असेल तर 24 तासांत कळवा, आणि खोली घेताना पॉलिसीतली भाड्याची मर्यादा बघा. महागडी खोली घेतली तर नुसतं भाडंच नाही, बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कापतात.

माणसांची वाटणी न करता आम्ही पहिला दिवस काढला आणि तिघांनी डॉक्टरांना तोच प्रश्न तीनदा विचारला. दुसऱ्या दिवसापासून धाकटा भाऊ मेडिकल आणि तपासण्यांच्या पळापळीला, बहीण रात्री उशाशी, बायको घरी आईपाशी, आणि डॉक्टरांशी बोलायचं फक्त मी. राउंडच्या आधी तीन प्रश्न लिहून ठेवायचे, उत्तर तिथंच उतरवायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसाला दोनच निरोप, सकाळी राउंडनंतर आणि संध्याकाळी. आईपासून काही लपवलं नाही. लपवलं की ती चेहरे वाचते, आणि वाईटच वाचते.

बघायला येणाऱ्यांचं काय करावं, हे मला आजही नीट कळलेलं नाही. चौथ्या दिवशी खाटेखाली सोळा शहाळी! आण्णांच्या नाकात नळी, पिणार कोण? सिस्टरनं माझीच हजेरी घेतली. मग मी एक पान कामांचं केलं. कुणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं की वही उघडायची. एकाला रात्रीचा डबा, एकाला लाइटबिल, एकाला एक्स्टेंशन बोर्ड. शेजारच्या तात्यांनी अकरा दिवस आमची म्हैस पिळली. त्यांनी दवाखान्याची पायरीही चढली नाही आणि सगळ्यांत मोठी मदत त्यांचीच झाली.

रुग्णापाशी करायचं काम साधंच, पण चुकवायचं नाही: दर दोन तासांनी कूस बदलणं. नाहीतर पाठीला जखमा होतात. बहिणीनं वहीत वेळ लिहून डावी-उजवी अशी खूण ठेवली होती.

डिस्चार्जच्या आदल्या रात्री कपाटातली न वापरलेली औषधं, सिरिंजा, हातमोजे काढा आणि बिलं जुळवून मेडिकलला परत द्या. आमचे 1,140 रुपये परत आले. स्कॅनच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि ॲडव्हान्सच्या पावत्या एकाच पिशवीत ठेवा. नळी, व्यायाम, गोळ्यांच्या वेळा सिस्टरकडून दाखवून घ्या आणि तिच्यासमोर एकदा स्वतः करून बघा.

वही संपलेली नाही. आता तिच्यात रोज सकाळचं बीपी लिहितो. काल 138/86 होतं.